पंप वाढवण्यापूर्वी

डिचोली तालुक्यात ट्रकवाल्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : "पंप थोडा वाढवून घे." गाडी चढाला दमते? पंप वाढवून घे. टायर बदलल्यापासून ओढ कमी वाटते? पंप वाढवून घे. शेजाऱ्याची गाडी दिवसाला एक खेप जास्त मारते? मग तर विचारूच नका. या एका वाक्यावर कित्येक गॅरेजे चालतात. आणि माझे स्पष्ट मत असे आहे की, आमच्या भागातल्या जुन्या गाड्यांचे जेवढे नुकसान या वाक्याने केले, तेवढे खाणीच्या रस्त्यांनीही केलेले नसेल.

हे लिहिणारा मी काही मिस्त्री नव्हे. विज्ञान शाखेचा विद्यार्थी आहे. पण घरी टिप्पर आहे, आणि दर सुट्टीत त्याच्याखाली उताणे पडून हात काळे केले आहेत, तेव्हा अगदीच ऐकीव माहितीवर बोलत नाही. आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागाच्या मित्रांनाही हा विषय परका वाटू नये. खाणपट्ट्यातल्या गाड्यांवर उत्तर कर्नाटकातले ड्रायव्हर आणि क्लीनर पुष्कळ. त्यांच्या तोंडी हेच वाक्य "स्वल्प जास्ती माड्री" असे येते. फीड पंप, नोझल, फिल्टर हे शब्द तर दोन्ही भाषांत एकच आहेत. भाषावार प्रांतरचनेचा परिणाम गॅरेजच्या उंबऱ्याआत पोचलेला नाही, हे एक बरे आहे.

आता 'पंप' म्हणजे नेमका कोणता? जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाला पंप दोन असतात. एक मोठा, ज्याला मिस्त्री मेन पंप म्हणतात. त्यातून निघालेल्या बारीक पोलादी नळ्या प्रत्येक सिलिंडरच्या नोझलपर्यंत जातात आणि दोनशे किलोच्या आसपास वा त्याहून अधिक दाबाने डिझेल उडवतात. (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम, गॅरेजात एवढे लांबलचक कोणी म्हणत नाही.) जर्मनीच्या बॉश कंपनीने असले पंप १९२७ मध्ये कारखान्यात बनवायला घेतले. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरला मायको निघाली, तिचे नाव २००८ मध्ये बॉश झाले. जुने मिस्त्री अजून मायकोच म्हणतात. दुसरा पंप मेन पंपाच्या अंगालाच चिकटलेला, मुठीएवढा. हा फीड पंप, पुस्तकी भाषेत लिफ्ट पंप. टाकीतले डिझेल ओढायचे, दोन फिल्टरांतून रेटायचे आणि मेन पंपाच्या पोटात हजर करायचे, एवढेच त्याचे काम. घरातल्या पाणी भरणाऱ्या माणसासारखा तो आहे. पंक्तीला पाणी कमी पडेपर्यंत त्याची आठवण कोणाला होत नाही.

सगळा गोंधळ या धाकट्या पंपापासून सुरू होतो, म्हणून त्याची रचना जरा सावकाश पाहू. मेन पंपाच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा आतल्या प्लंजरला ढकलतो, तेव्हा डिझेल प्लंजरच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते आणि स्प्रिंग दबते. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग प्लंजरला परत लोटते. हा परतीचा धक्काच डिझेलला फिल्टरकडे रेटतो आणि त्याच दमात टाकीकडून नवे डिझेल आत ओढतो. म्हणजे डिझेलला पुढे ढकलणारे इंजिन नव्हे, स्प्रिंग आहे. पुढची वाट भरलेली असली तर स्प्रिंगला प्लंजर पुरता परतवता येत नाही; तो अर्ध्यावरच थांबतो आणि कॅम नुसता फिरत राहतो. किती द्यायचे हे पंप स्वतःच्या मनाने ठरवत नाही, पुढच्याची भूक पाहून देतो. मेन पंपाच्या पोटात साधारण एक ते दीड किलो दाब राहावा म्हणून ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह बसवलेला असतो. जास्तीचे डिझेल त्यातून रिटर्न पाइपने टाकीत परत जाते आणि जाताना हवेचे बुडबुडे व उष्णताही घेऊन जाते. या फीड पंपावर दाब कमीजास्त करायचा स्क्रू नसतोच. 'अॅडजस्ट' करायचे म्हणजे ओव्हरफ्लो व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर घालायचा, नाहीतर स्प्रिंगच बदलायची. त्याहून धाडसी लोक रिटर्न पाइप ठोकून बारीक करतात!

येथे थोडे गणित करू. टाटांच्या गाड्यांत वर्षानुवर्षे चाललेले ६९७ जातीचे इंजिन घ्या : सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर व्यास, १२८ मिलिमीटर स्ट्रोक, एकूण पावणेसहा लिटरांच्या जरा आत. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेते. मिनिटाला २,००० फेऱ्या धरल्या तर साधारण ५,६७५ लिटर हवेची जागा होते. पूर्ण भरत नाही. शंभरातले पंच्याऐंशी धरू. गोव्याच्या उन्हात त्या हवेचे वजन साडेपाच किलोच्या आसपास. एक किलो डिझेल पुरते जळायला कागदोपत्री साडेचौदा किलो हवा लागते. पण प्रत्यक्षात वीस किलोंच्या खाली गेलात की धूर काळा होऊ लागतो. म्हणजे मिनिटाला पाव किलोहून थोडे अधिक, म्हणजेच लिटरचा तिसरा हिस्सा, एवढेच डिझेल हे इंजिन नीट पचवू शकते. आणि चांगल्या अवस्थेतला फीड पंप याच्या कित्येक पट डिझेल देईल असाच बनवलेला असतो. म्हणून तर रिटर्न पाइप लागतो. या इंजिनाला टर्बो बसवून हवा दीडपट केली, तरी गरज अर्ध्या लिटरापलीकडे जात नाही.

मग चढाला फीड पंपाचा दाब पडत असेल तर त्याचा अर्थ काय? पंप लहान आहे असा नव्हे. कोठेतरी दुखणे आहे, असा. माझा सगळा वाद एवढ्यावरच उभा आहे.

ते दुखणे बहुतेक वेळा पंपाच्या मागच्या बाजूला, म्हणजे टाकीकडे असते. आमच्याकडे तर त्याचे एक खास स्थानिक रूप आहे. टाकीच्या झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असते. खाणीची लाल धूळ आणि पावसाचा चिखल बसून ते बुजते. डिझेल उपसले जाते, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि बिचारा फीड पंप त्या पोकळीशी कुस्ती खेळतो. गाडी तासभर नीट चालते, मग दम सोडते; उभी करून थोडा वेळ थांबले की पुन्हा नीट. ड्रायव्हर म्हणतो पंप गेला, मालक म्हणतो वाढवून घे. झाकण सैल करून पाहा, असे सांगणारा भेटला तर नशीब. आमच्या घरच्या गाडीचे दुखणे एका पावसाळ्यात हेच निघाले. ते हुडकणारा फिटर कन्नड होता. आम्ही मुले त्याला अण्णा म्हणत असू. त्याने पाना हातात घेण्याआधी झाकण उघडले, 'फुस्स' असा आवाज ऐकला आणि हसला.

याशिवाय फीड पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी तुंबलेली, रबरी नळी आतून सोललेली, बँजो बोल्टचा तांब्याचा वायसर चौथ्यांदा तोच वापरलेला, टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज. मागच्या बाजूची गळती फसवी असते. तेथून डिझेल बाहेर पडत नाही, हवा आत शिरते. जमिनीवर थेंब दिसत नाही म्हणून सगळे निश्चिंत. पुढच्या बाजूला तुंबलेले फिल्टर आणि थकलेली ओव्हरफ्लो स्प्रिंग. ही स्प्रिंग मात्र खरोखर दाब पाडते आणि ती बदलणे रास्तच आहे. पण बदलणे निराळे आणि तिच्याखाली वायसर कोंबणे निराळे.

वायसर कोंबून काय होते? डिझेल किती उडवायचे हे मेन पंपातल्या प्लंजरवरची तिरकी खाच आणि त्याला फिरवणारी रॅक ठरवते. पोटात दाब पुरेसा असेल तर तो आणखी वाढवून नोझलमधून म्हणण्यासारखे जास्त डिझेल येत नाही. येते ते निराळ्याच ठिकाणी. फीड पंपाचा दांडा झिजलेला असला तर वाढलेला दाब डिझेलला त्याच्या कडेने मेन पंपाच्या कॅमच्या खोलीत ढकलतो, आणि पुष्कळ इंजिनांत तेथले तेल इंजिनाच्याच तेलाशी जोडलेले असते. महिनाभराने काडी काढून पाहावे तर ऑइल वाढलेले! ऑइल खाणारी गाडी सर्वांना कळते. ऑइल वाढवणारी गाडी पाहून मालक खूश होतो आणि थोड्याच दिवसांत बेअरिंगे बदलत बसतो.

वायसरने ओढ वाढली नाही की गाडी पुढच्या पायरीवर जाते. मेन पंपाचे शिशाचे सील तोडून जास्तीत जास्त डिझेलचा स्क्रू फिरवला जातो. याने मात्र फरक पडतो, आणि तो आरशात मागे दिसतो.

येथे कोणी म्हणेल की अमेरिकेत हौशी लोक हेच तर करतात. खरे आहे. डॉज कंपनीच्या पिकअप गाड्यांत १९८९ पासून कमिन्सचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन येऊ लागले. १९९४ ते १९९८ च्या गाड्यांतला बॉशचा मेन पंप तर हौशी लोकांचा फार लाडका. ते ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग ताणून किंवा व्हॉल्व्हच बदलून फीडचा दाब वाढवतात, मोठे टर्बो बसवतात, शर्यती लावतात. त्याच घराण्याचे इंजिन टाटांच्या गाड्यांतही आले. टाटा-कमिन्सची स्थापना १९९३ ची. पण तुलना करताना आपण अर्धीच करतो. मुळात त्या गाडीचा दाबच आपल्या जुन्या गाड्यांहून जास्त ठरवलेला : इंजिन मंद चालताना १७ ते २२ पौंड, वेगात असताना २५ ते ३०. म्हणजे सव्वा ते दोन किलोपर्यंत. दुसरे म्हणजे तो हौशी माणूस आधी दाबाचे गेज बसवतो, मग स्प्रिंगला हात लावतो. आपण त्याची स्प्रिंग घेतली, गेज तेथेच राहू दिले. आणि शर्यतीला एकदा धूर सोडणे वेगळे, दिवसाला आठ खेपा शाळेसमोरून जाणे वेगळे.

मी हेही मान्य करतो की खरोखर रूपांतर केलेल्या गाडीला जास्त डिझेल लागू शकते. साध्या ट्रकचा टिप्पर केला, पाटे वाढवले, भंगारातल्या इंजिनाचा टर्बो आणून बसवला, मेन पंपात मोठे एलिमेंट घातले. अशा गाडीचा फीड पंप तपासायलाच हवा. माझे म्हणणे तपासण्याबद्दल आहे, आणि तपासायचे म्हणजे कानाने नव्हे.

हा वाढवण्याचा नाद आला कोठून, याचाही विचार केला पाहिजे. नाहीतर दोष सगळा मिस्त्री आणि ड्रायव्हर यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ. खाणीची गाडी खेपेवर आणि टनावर कमावते. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला साडेचार कोटी टनांच्या आसपास खनिज परदेशी जात होते. डिचोली, साखळी, मये, पाळी या भागांत घरटी गाडी म्हणावे अशी स्थिती होती. कर्जाचा हप्ता महिन्याला ठरलेला आणि पावसाळ्यात काम बंद. तेव्हा कोरड्या दिवसांतली एक जास्त खेप म्हणजे जूनचा हप्ता, असा तो सरळ हिशेब. पुढे शहा आयोगाचा अहवाल आला. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट उघडली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्टे रद्द झाले आणि १६ मार्चपासून पुन्हा सारे ठप्प. माझी आठवण सुरू होते ती येथून. अंगणात उभी असलेली गाडी, तिच्या टायरांवर चढलेली वेल आणि तिच्याकडे न पाहता घरात शिरणारे बाबा.

काही गाड्या विकल्या गेल्या. काहींनी पेडण्याची वाट धरली. तेथे महामार्गाचे चौपदरीकरण आणि मोपाचा विमानतळ यांचे काम होते. आमचीही गाडी दोन मोसम खडी आणि चिरे घेऊन त्या पठारावर चढली. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाचे उद्घाटन झाले. त्याच महिन्यात खाणपट्ट्यांचा लिलाव झाला आणि २०२४ मध्ये डिचोलीचा पट्टा पुन्हा सुरू झाला. आता वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाड्या धूळ झटकून कामाला निघाल्या. टाकीत गंज, नळ्या वाळलेल्या, फीड पंपाचे व्हॉल्व्ह चिकटलेले. अशा गाडीला ओढ कमी असणारच! तिचे दुखणे न पाहता तिला जास्त डिझेल पाजणे म्हणजे लंघन झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी श्रीखंड वाढण्यासारखे आहे.

आणि या सगळ्याची किंमत गाडीचा मालक एकटाच भरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातला. आमच्याकडे खाणी थांबण्याच्या तीनच महिने आधी. त्या वर्षी धुळीबद्दल पुष्कळ बोलले गेले आणि ते योग्यच होते. लाल धूळ पानांवर दिसते, कपड्यांवर दिसते. काळ्या धुराबद्दल कोणी फारसे बोलले नाही. चढावर पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीच्या मागे दुचाकीवर कोण असते? बहुधा त्याच गावचा कोणीतरी, पुष्कळदा ट्रकवाल्याचाच भाऊ किंवा भाची.

कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचे १९८८ चे कलम ५२ गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही. १९८९ च्या नियमांतला ११५ वा नियम धुराची मर्यादा घालतो : बी.एस.-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला ६५ हार्ट्रिज एकक, त्यानंतरच्या बी.एस.-४ गाडीला ५०. पण ती चाचणी कशी होते? गाडी उभी, गिअर मोकळा, हौदा रिकामा, आणि ॲक्सिलरेटर दाबून धूर मोजायचा. चोर्ल्याच्या वळणावर दहा टन घेऊन गाडी काय ओकते, ते त्या कागदावर कधीच उमटत नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस.-६ गाड्यांत स्क्रू फिरवायची सोय राहिली नाही. तेथे दाब संवेदक मोजतो आणि डिझेलचे प्रमाण संगणक ठरवतो. तरी 'वाढवून घे' काही थांबलेले नाही; पान्याच्या जागी लॅपटॉप आला इतकेच.

माझी सूचना अगदी साधी आहे आणि तिला कोणत्याही खात्याची परवानगी लागत नाही. खाणपट्ट्यात 'काटा' म्हटले की सर्वांना वजनकाटा आठवतो. त्या काट्यावर प्रत्येक गाडी प्रत्येक खेपेला चढते, कारण तेथे पैसे ठरतात. तसा शून्य ते चार किलोंचा दाबाचा काटा प्रत्येक गॅरेजात असावा, आणि पंप वाढवायला आलेल्या प्रत्येक गाडीला तो आधी लावावा. डिचोलीला आणि पेडण्याला, दोन्हीकडे सरकारी आय.टी.आय. आहेत, तेथल्या मुलांना इंजिन खोलायला शिकवतात, तसे न खोलता मोजायलाही अधिक शिकवावे, असे मला वाटते. खोलण्यात पुरुषार्थ वाटतो, मोजण्यात वाटत नाही, ही आपली जुनी खोड आहे.

लावायचा कसा? फिल्टरातून मेन पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी टी बसवावी, तेथून चांगल्या प्रतीची नळी काढून गेज काचेच्या बाहेर, ड्रायव्हरला दिसेल असे बांधावे. डिझेलची नळी केबिनच्या आत कधीही घेऊ नये; फुटली तर गरम इंजिन शेजारीच आहे. गाडी उभी असताना दाब पाहावा, वेग वाढवून पाहावा आणि मग भरलेल्या गाडीने चढावर पाहावा. चढावर काटा पडला तर टाकीचे झाकण सैल करून पुन्हा पाहावा. तरीही पडला तर टाकीची नळी सोडवून फीड पंपाला स्वच्छ डिझेलच्या डब्यातून ओढू द्यावे आणि जागच्या जागी दोन्ही दाब ताडून पाहावेत. डब्यावर दाब सुधारला तर दोष टाकीत किंवा तिच्या नळीत. नाही सुधारला तर फिल्टर, ओव्हरफ्लो स्प्रिंग आणि शेवटी फीड पंप, या क्रमाने जावे. आणि काटा सर्वत्र स्थिर राहिला, तर धाकटा पंप निर्दोष आहे. त्याच्या स्प्रिंगखाली वायसर घालण्याचे काहीच कारण उरत नाही.

बेळगावच्या मित्रांना हा प्रयोग सोयीचा आहे, कारण घाट त्यांच्या आणि आमच्या मध्येच आहे. मात्र साखळीहून निघालात तर केरीपर्यंत काट्याकडे पाहून काही कळायचे नाही, तेथवर रस्ता फारसा चढत नाही. अंजुण्याचे धरण मागे पडून गाडी खालच्या गिअरमध्ये आली, की मग पाहायला सुरुवात करावी.